तेल-मिठाचा पैसा, लग्नाचा पैसा

हिंगोलीकडच्या शेतकरी घरात ‘वर्षाकाठी किती मिळतं?’ असं विचारलं तर नेमका आकडा सहसा मिळत नाही. पण सोयाबीनच्या पैशाचं काय झालं, हळदीचे कुठे गेले, रोजंदारीचे कशाला लागतात, असं सुटं सुटं विचारलं की उत्तरं लगेच येतात. सोयाबीन खत-बियाण्याच्या उधारीत गेलं, हळदीवर मुलीचं लग्न उरकलं, रोजंदारीवर किराणा चालतो. बाहेरच्या माणसाला हा हिशेबातला ढिसाळपणा वाटतो. मला हाच खरा हिशेब वाटतो, आणि तो बराच जुना आहे. पैसा कशातून आला, वर्षाच्या कुठल्या महिन्यात आला आणि पहिल्यांदा कुणाच्या हातात पडला, या तीन गोष्टींवर तो कशाला लागणार हे बरंचसं ठरतं. किती आला ही गोष्ट त्यानंतरची. म्हणून शेतकरी घराचा खर्च समजून घ्यायचा तर नुसती उत्पन्नाची बेरीज पुरत नाही, उत्पन्नाच्या वाटांचा इतिहास पाहावा लागतो. हिंगोली जिल्हा म्हणून तसा कोवळा आहे. १ मे १९९९ रोजी तो परभणीतून वेगळा झाला आणि हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ असे पाच तालुके त्याच्या वाट्याला आले. पण कयाधू आणि पूर्णेच्या या काळ्या रानानं दीडशे वर्षांत धान्य, छावणीचा पगार, कापूस, दुष्काळी कामाची मजुरी, ऊस, सोयाबीन, हळद आणि आता थेट खात्यात येणारं अनुदान असे नाना तऱ्हेचे पैसे पाहिले आहेत. एवढ्या वाटा एकाच मातीत एकापाठोपाठ उघडल्या, म्हणून माझं म्हणणं इथे तपासून पाहता येतं.

सुरुवात ज्वारीपासून करायला हवी, कारण ज्वारी हे उत्पन्नही होतं आणि खर्चही. खळ्यावर रास पडली की ती घरी येण्याआधीच वाटली जायची. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट यांचं बलुतं, सालगड्याच्या सालातलं धान्य, देवाचा वाटा, आणि मागच्या पावसाळ्यात खायला उचललेल्या ज्वारीची सवाई किंवा दिढी, म्हणजे मणाला सव्वा मण, नाहीतर दीड मण. रास सगळ्या गावासमोर उघड्यावर असे, त्यामुळे किती पिकलं हे लपवता येत नसे आणि हक्कदाराला नाहीही म्हणता येत नसे. उरलेलं धान्य पेवात आणि कणगीत जाई. ते आखाड-श्रावणापर्यंत पुरवायचं असल्यामुळे रोज किती काढायचं हे घरातली थोरली बाई ठरवी. धान्याच्या रूपातल्या उत्पन्नाला अशी आपसूक शिस्त होती: त्याचं सहजासहजी डोरलं होत नसे, ते पोटात जाई किंवा कष्टाच्या मोबदल्यात जाई. हे सुख होतं असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच व्यवस्थेनं बलुतेदाराला आणि सालगड्याला जातीच्या चौकटीत बांधून ठेवलं होतं, आणि दिढीनं कुणब्याची रास खळ्यावरच अर्धी करून टाकली होती. मुद्दा एवढाच की धान्याचं उत्पन्न कशावर जाईल हे घरमालकाच्या मर्जीपेक्षा त्या उत्पन्नाच्या घडणीनं ठरत होतं.

पहिल्या सालारजंगांनी १८६० च्या दशकात निजामाच्या राज्यात जिल्हाबंदी केली, मक्त्यानं वसुली करणाऱ्यांच्या जागी पगारी अधिकारी आणले, आणि सारा ठरलेल्या हप्त्यांनी रोख भरण्याची पद्धत पक्की होत गेली. आता रोकड हवी झाली. पण ती मिळणार कुठून? हिंगोलीच्या भोवतालच्या गावांना एक वाट इतरांपेक्षा आधी उघडली होती, ती छावणीची. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा हिंगोलीत तळ होता. या फौजेच्या खर्चासाठीच १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. म्हणजे कापसाच्या वऱ्हाडातला महसूल पगार होऊन हिंगोलीच्या बाजारात उतरत होता. शिपायाचा पगार दर महिन्याला येणारा, आणि त्याला लागणाऱ्या वस्तू रोजच्या: दूध, तूप, कडबा, गवत, जळण, अंडी, माळवं. आता या वस्तू विकतं कोण? कडब्याची गाडी पुरुष नेतो. पण दूध, तूप, अंडी, भाजी ही मराठवाड्यातल्या कुणबी घरात बाईच्या हातची मिळकत. छावणीनं गावात आणलेला पैसा थोडा थोडा, वारंवार आणि बऱ्याच अंशी बायकांच्या ओच्यातून आला, आणि आला तसाच तेल, मीठ, बांगडी, लेकराच्या अंगड्यात गेला. १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदी फौजेत विलीन झाली आणि छावणी उठली. मोठ्या सावकारीचं त्यानं फार बिघडलं नसावं. ही छोटी, वारंवारची वाट मात्र आटली. इतिहासाच्या पुस्तकात छावणी उठल्याची नोंद एका ओळीत होते. तिच्यावर चालणाऱ्या चुलींची होत नाही.

छावणीची जागा घेतली ती कापसानं. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे मनमाडपर्यंत १९०० च्या सुमारास पोहोचली होती. पूर्णेहून हिंगोलीचा फाटा १९१२ मध्ये सुरू झाला. नांदेड-परभणी पट्ट्यातल्या गावरानी कापसाला मुंबईच्या बाजारात मान होता, आणि आता तो मोंढ्यातून थेट डब्यात चढू लागला. कापसाचा पैसा धान्यापेक्षा प्रत्येक बाबतीत वेगळा. तो खाता येत नाही, म्हणून विकावाच लागतो. तो गाडीत भरून पुरुष नेतो. आणि तो थोडा थोडा न येता मोठ्या रकमेनं, दिवाळी ते माघ एवढ्याच काळात येतो. शिवाय मोंढ्यातला भाव मुंबईच्या कलदार रुपयावर चाले आणि शेतकऱ्याच्या हाती हाली सिक्का पडे. शंभर कलदाराला सुमारे एकशे सोळा-सतरा हाली, असा हा बट्टा, आणि तो करून देणाराही अडत्याच. काटा झाल्यावर अडत्या जी पट्टी लिहून देई ती डोळ्यांसमोर आणली की सगळं लक्षात येतं. वरच्या ओळीला वजन आणि भाव, त्याखाली कटती, हमाली, तोलाई, अडत, मग धर्मादाय, मग मागची उचल, तिचं व्याज, आणि सगळ्यात खाली, बऱ्याचदा शाईच्या एका फटकाऱ्यात, बाकी. कापसाचं उत्पन्न म्हणजे वरची ओळ नव्हे, खालची. वरच्या आणि खालच्या ओळीमधला सगळा खर्च शेतकऱ्यानं आधीच, पावसाळ्यात, करून टाकलेला असे. पैसा येण्याआधीच त्यावर नाव पडलेलं असे.

त्या काळच्या अधिकाऱ्यांचं आणि सुधारकांचं एका गोष्टीवर एकमत होतं: शेतकरी लग्नकार्यात उधळतो म्हणून कर्जात बुडतो. निजाम सरकारनं १९३७ मध्ये भरुचा यांचा शेतकी कर्जबाजारीपणावरचा अहवाल काढला. त्याआधी १९२९-३० मध्ये केशव अय्यंगार यांनी राज्यात गावोगावच्या आर्थिक पाहण्या केल्या होत्या. पुढे १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत दिसलं की शेतकऱ्यांच्या कर्जातला जवळपास निम्मा भाग घरखर्चासाठी होता, आणि सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के. उरलेल्यातला फार मोठा वाटा सावकारांचा. या आकड्यांवरून ‘उधळ्या कुणबी’ सिद्ध होतो असं मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. वर्षातून एकदा, एकगठ्ठा आणि लग्नसराईच्या तोंडावर येणारा पैसा एकगठ्ठा कामालाच लागणार. तोच पैसा बारा भागांत आला असता तर बारा महिन्यांच्या किराण्यात मुरला असता आणि कुणी त्याला उधळपट्टी म्हटलं नसतं. शिवाय लग्न ही या कोरडवाहू मुलखात नुसती हौस नव्हती. इक्रिसॅट या संस्थेनं १९७५ पासून अकोला, सोलापूर आणि मेहबूबनगर जिल्ह्यांतल्या गावांत वर्षानुवर्षं घरोघरचे हिशेब टिपले. त्यांवर काम करणाऱ्या रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांनी १९८९ मध्ये दाखवलं की लेकी लांबच्या गावांत दिल्या की पाऊस हुकलेल्या वर्षी घराचं पोट सांभाळायला त्या सोयरिकी कामी येतात. इथे पाऊस पडला नाही तरी तिकडे पडलेला असतो. हुंड्याचं समर्थन मला करायचं नाही. त्यानं या जिल्ह्यात किती घरं आणि किती जीव खाल्ले आहेत हे माहीत असताना ते शक्यही नाही. पण कापसाचा पैसा लग्नाकडेच का वळला याचं उत्तर कुणब्याच्या स्वभावात नाही, पैशाच्या वेळेत आणि आकारात आहे.

इथे अर्थशास्त्राचा पहिला, आणि भारदस्त, आक्षेप उभा राहतो. रुपया हा रुपयाच; तो कापसाचा की अंड्याचा हे दुकानदार विचारत नाही. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये मांडलं की माणूस एखाद्या महिन्याच्या मिळकतीकडे पाहून खर्च करत नाही, दीर्घकाळात सरासरीनं काय मिळेल याचा अंदाज बांधून करतो. म्हणजे वाट कुठलीही असो, खर्च सारखाच राहायला हवा. मला यात एक गृहीत खटकतं: घर म्हणजे एकच डोकं आणि एकच खिसा. पश्चिम आफ्रिकेतल्या कोत द’इव्वारमध्ये डुफ्लो आणि उड्री यांनी हे गृहीतच तपासलं. तिथे काही पिकं बायकांची, काही पुरुषांची, आणि सुरण-कोनफळाच्या जातीतल्या एका कंदाचं पीक पुरुषाचं असलं तरी घरदाराच्या पोटासाठी राखलेलं, असा रिवाज आहे. एखाद्या वर्षीचा पाऊस एका पिकाला मानवतो, दुसऱ्याला नाही. त्यावरून कुठल्या पिकाचं उत्पन्न वाढल्यावर काय जास्त विकत घेतलं गेलं हे त्यांनी पाहिलं. कंदाचं उत्पन्न वाढलं की धान्य आणि मुलांचं शिक्षण वाढलं; बायकांच्या पिकांचं वाढलं की खाणंपिणं वाढलं; पुरुषांच्या नगदी पिकाचं वाढलं की दारू-तंबाखूकडे आणि वैयक्तिक वस्तूंकडे ओघ गेला. एकाच घरात, एकाच वर्षात. त्या गावांचा आणि हिंगोलीचा रिवाज वेगळा, पण ‘तेल-मिठाचा पैसा’ हा मराठी शब्दच सांगतो की आपल्याकडेही खिसे वेगळे होते. तेल-मीठ कापसाच्या पैशातून कुणी आणत नसे. ते आठवडी बाजारात टोपलीभर अंडी, शेळीचं पिल्लू, पावशेर तूप विकून यायचं. हिंगोलीपासून जवळा बाजारापर्यंत जे बाजार भरत ते मोंढ्याहून वेगळं जग होतं. तिथे पट्टी नव्हती, उचल वजा होत नव्हती, आणि सकाळी आलेला पैसा संध्याकाळी सौदा होऊन घरी परतत होता.

मग १९७२ आलं. त्या दुष्काळात मराठवाड्यातल्या घरांचे दोन्ही खिसे एकदम रिकामे झाले: ना कापूस, ना टोपलीत विकायला काही. सरकारनं काढलेल्या दुष्काळी कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं होती. खडी फोडणं, नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते. सोबत सुकडी आणि बाहेरून आलेला तांबडा मिलो. वि. स. पागे यांची कल्पना असलेली रोजगार हमी योजना याच अनुभवातून पक्की झाली, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि तिचा पैसा शहरातल्या पगारदारांवरच्या व्यवसाय करातून उभा राहिला. माझ्या मुद्द्याच्या दृष्टीनं तिच्यात दोन गोष्टी नव्या होत्या. एक, कामाचा दर बाई-माणसाला सारखा. शेतावर निंदणी-वेचणीची मजुरी पुरुषाच्या रोजापेक्षा कमी असायची. इथे हजेरीपटावर बाईचं नाव वेगळं आणि मजुरी तिच्या नावानं. दोन, पैसा आठवड्या-पंधरवड्याला, आणि नेमका पिकाचा पैसा संपलेल्या उन्हाळ्यात. मराठवाड्याच्या गावांत हा पैसा पेव संपल्यानंतरच्या ज्वारीला लागला, हातउसने घ्यायची पाळी टळली, आणि पुढच्या हंगामात सावकाराच्या वहीत एक ओळ कमी पडली. इक्रिसॅटच्या हिशेबांतही याचा पुरावा आहे: रोजगार हमी असलेल्या महाराष्ट्रातल्या गावांत भूमिहीन घरांच्या उत्पन्नाचे चढउतार तेलंगणातल्या गावाच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास होते. पुढे केंद्राचा रोजगार हमी कायदा फेब्रुवारी २००६ मध्ये पहिल्या टप्प्यातल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत हिंगोली होता. योजना तीच, पण मजुरी उशिरा खात्यावर येऊ लागली तशी तिची जात बदलली. दोन महिन्यांनी एकदम येणारी मजुरी आठवड्याच्या किराण्याला लागत नाही. दुकानाची उधारी फेडायला लागते. रक्कम तीच राहिली, वेळ बदलली आणि खर्चही बदलला.

याच १९७२ मध्ये दुसरीकडे कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. व्यापाऱ्याच्या कटतीतून शेतकऱ्याला सोडवावं हा हेतू होता आणि तो खोटा नव्हता. पण चुकारे हप्त्यांनी, अनेकदा उशिरा. आणि सोसायटीचं पीककर्ज चुकाऱ्यातूनच परस्पर वळतं होई. अडत्याच्या पट्टीतली ‘मागची उचल’ ही ओळ आता सरकारी कागदावर छापून आली. त्यामुळे काही कापूस दुसऱ्याच्या नावावर घातला जाई, काही सीमेपलीकडे आदिलाबादकडे जाई. याला बेईमानी म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: पूर्ण भाव कागदावर मिळण्यापेक्षा थोडा कमी भाव, पण मोकळा, शेतकऱ्याला जास्त मोलाचा वाटत होता. कारण वळत्या झालेल्या पैशाचं काय करायचं हे तो ठरवू शकत नाही. मोकळ्या पैशात दवाखाना बसतो.

दुसरा आक्षेप जास्त बारीक आहे आणि तो आपल्याच मुलखातल्या आकड्यांतून येतो. रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये इक्रिसॅटच्या तीन गावांचे हिशेब तपासले. त्यांत अकोला जिल्ह्यातलं कांझारा होतं, म्हणजे वऱ्हाडातलं, काळ्या मातीतलं आणि कापूस-ज्वारीचंच गाव. त्यांना दिसलं की घराचा उपभोग त्या घराच्या स्वतःच्या उत्पन्नासोबत फारसा हलत नाही, गावाच्या सरासरीसोबत हलतो. म्हणजे उसनवारी, भावकी, सोयरे मिळून गाव एकमेकांना सावरून घेतं. मग उत्पन्नाची वाट कोणती याला काय अर्थ उरला? मला वाटतं, अर्थ उरतो, आणि टाउनसेंड यांच्या कामातूनच तो निघतो. गावानं सावरलं ते मुख्यतः पोटाला. त्यातही एका गावात भूमिहीन कमी सावरले गेले. पोट सावरायला घराला बाकी काय द्यावं लागलं हे पाहायचं तर रोझेनझ्वाइग आणि वोलपिन यांचं १९९३ चं काम पाहावं. याच गावांत वाईट वर्षी शेतकरी बैल विकत होते. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावायची तो बैल उन्हाळ्यात बाजारात जाई, आणि पुढच्या जूनला तिफण धरायला बैल नसे. खाण्याचा आलेख सपाट दिसतो, कारण त्याखाली बैल गेलेला असतो. तेल-मिठाची वाट चालू असलेल्या घराला बैल विकण्याची वेळ उशिरा येते. उत्पन्नाच्या वाटेचा परिणाम ताटात दिसत नसेल, तर गोठ्यात बघावं.

पाणी आलं तशी वसमतकडे वेगळी वाट पडली. पूर्णा प्रकल्पाची येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं १९६८ च्या सुमारास पुरी झाली. कालव्याखाली ऊस आणि केळी आली, पूर्णा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसाचं बिल बँकेत आणि सोसायटीमार्फत, म्हणून ते पाइपलाइन, विहीर, माडी, मुलाचं शहरातलं शिक्षण अशा दिसणाऱ्या आणि टिकणाऱ्या गोष्टींत गेलं. त्याच जिल्ह्यातल्या सेनगाव-कळमनुरीच्या माळरानांतून आणि तांड्यांवरून ऊस तोडायला दूरच्या कारखान्यांवर जोड्या निघतात. त्यांचं उत्पन्न तर कामाच्याही आधी येतं. मुकादमाची उचल पावसाळ्याच्या शेवटी, एकरकमी, कोयत्याच्या नावावर. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, पण उचल घेणारा हात नवऱ्याचा. ती जुनी देणी आणि लग्नात संपते, आणि मग सहा महिने दोघं फेडत राहतात. एकाच पिकाच्या दोन टोकांना दोन प्रकारचे पैसे आणि दोन प्रकारची घरं.

गेल्या तीस वर्षांतला मोठा बदल मात्र सोयाबीनचा आहे आणि त्याच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही असं मला कळकळीनं वाटतं. आज हिंगोलीच्या खरिपात निम्म्याहून जास्त रान सोयाबीनखाली आहे. पीक शंभर-एकशेदहा दिवसांत निघतं, दसऱ्या-दिवाळीच्या तोंडावर पैसा देतं, वेचणीची कटकट नाही. पण त्यानं तीन वाटा बंद केल्या. ज्वारी, मूग, उडीद गेले, म्हणजे घरचं धान्य गेलं आणि बाईच्या ताब्यातली कणगी गेली. कापूस घटला, म्हणजे दोन-तीन महिने आठवड्याला मिळणारी वेचणीची मजुरी गेली. सोयाबीनची कापणी गुत्त्यावर आठ-दहा दिवसांत उरकते आणि आता यंत्रही येतं. कडबा गेला, म्हणजे म्हैस ठेवणं महाग झालं. सोयाबीनच्या मोठ्या रकमेचा आकडा या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्तही असेल. पण ती एका दिवशी, मोंढ्यात, पुरुषाच्या हाती येते, आणि कृषी सेवा केंद्राची उधारी, पीककर्ज, रब्बीचं बियाणं यांत दिवाळीआधी वाटली जाते. घरचं धान्य पिकत असताना जो खर्च दिसतच नव्हता तो आता रोख करावा लागतो, आणि तो भागवण्याची छोटी वाट याच पिकानं बुजवली. उत्पन्न वाढून ताट हलकं होऊ शकतं, हे इथे कळतं.

हळद या बाबतीत निराळी आहे. मे-जूनमध्ये बेणं लावायचं, फेब्रुवारी-मार्चमध्ये पाला कापून खणायचं, माती झटकून गड्डे-हळकुंडं वेगळी करायची, शिजवायचं, अंगणात पंधरा दिवस वाळवायचं, ढोलात घालून चकाकी आणायची. पूर्वी मोठ्या कढईखाली रात्र रात्र जाळ असे, आता बॉयलर गावात भाड्यानं फिरतो. चार-पाच क्विंटल ओल्या हळदीची एक क्विंटल वाळते. पण एकदा वाळली की ती टिकते, आणि इथेच ती पेवातल्या ज्वारीशी नातं सांगते: कधी विकायची हे घराला ठरवता येतं. २०२३ च्या उन्हाळ्यात जी हळद सहा-सात हजार रुपये क्विंटलनं जात होती तिचा भाव पावसाळ्यात दुपटीहून वर गेला. ज्यांनी पोती राखली होती त्यांना तो मिळाला. राखणं सगळ्यांना परवडत नाही. म्हणूनच पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेचं, म्हणजे बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत स्वस्त व्याजानं पैसे उचलण्याच्या सोयीचं, मला मोल वाटतं. ती पैशाची वेळ शेतकऱ्याच्या हाती देते. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात आणि वसमतला एप्रिलनंतर हळदीची जी आवक होते तिचा पैसा लग्नसराई, जूनमधले शाळा-कॉलेजचे प्रवेश आणि पेरणी या तिघांच्या मधोमध येतो. शिक्षणाच्या खर्चाच्या महिन्यात येणारं मोठं नगदी उत्पन्न या भागाला याआधी फारसं नव्हतं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वसमतला हळद संशोधन केंद्र मंजूर झालं. त्या कौतुकात हा जूनचा मुद्दा हरवू नये.

शेवटचा आक्षेप आजच्या धोरणांचा आहे: आता पैसा थेट खात्यात जातो, मग वाटेची चर्चा कशाला? पीएम-किसानचे चार महिन्यांनी दोन हजार, त्यावर २०२३ पासून राज्याचे तितकेच, २०२४ पासून लाडकी बहीणचे महिन्याला दीड हजार. पण याच जिल्ह्यात एक बदल घडला त्यात माझ्या म्हणण्याचा सगळा सारांश सापडतो. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांत, म्हणजे सगळ्या मराठवाड्यात, अमरावती विभागात आणि वर्ध्यात, २०१५ पासून केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना स्वस्त गहू-तांदूळ मिळत होता. २०२३ मध्ये धान्य बंद करून त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये, घरातल्या प्रमुख महिलेच्या खात्यात, असं ठरलं. हिशेब कागदावर जुळवता येतो. पण रेशनचा गहू पुरुष मोंढ्यातून परस्पर उधारीत वळता करू शकत नव्हता, तो चुलीपर्यंत येतच होता. हे पैसे वेळेवर आले नाहीत, किंवा तीन महिन्यांचे एकदम आले, तर ते गव्हाचे राहत नाहीत. बाईच्या खात्यात ते जातात ही त्यातली खरी चांगली गोष्ट, आणि ती टिकायला हवी. पण खात्याइतकीच वारंवारताही महत्त्वाची. लाडकी बहीणचा हप्ता महिन्याला येतो तोवर तो तेल-मिठाचा पैसा आहे. तो थकून एकरकमी आला की त्यावर घरातल्या दुसऱ्या कुणाची तरी नजर आधी पडते.

छोट्या वाटा बायकांच्या हाती असाव्यात आणि मोठ्या पुरुषांच्या, अशी जुनी वाटणी पुन्हा आणावी असं मी सुचवत नाही. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं शरद जोशींच्या पुढाकारानं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता. बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्यायचा, आणि गावात शंभर घरांनी तसं केलं की ते लक्ष्मीमुक्ती गाव. मोंढ्यातली पट्टी माल घालणाऱ्याच्या नावानं फाडली जाते, पीककर्ज आणि पीकविमा सातबाऱ्यावरच्या नावानं मिळतो. हळदीचं बेणं लावणारी, गड्डे फोडणारी, पोत्यांना टाके घालणारी बाई आजही बहुतेक घरांत त्या कागदावर नसते. फेब्रुवारीत गुत्त्यावर खणणीला जाऊन आणलेल्या मजुरीतून ती किराणा भरते, आणि मे महिन्यात तिच्याच अंगणात वाळलेली हळद दुसऱ्याच्या नावावर मोजली जाते.